मधलं घर

शहर कुठे संपतं हे ठरवण्यावर त्याचं पोट चालत होतं. नगररचना कार्यालयात तो मोजणीदार होता. शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहायचं आणि पुढचं घर शोधायचं. ते दोनशे मीटरच्या आत असलं तर शहर पुढे सरकलं, नसलं तर तिथेच थांबलं. मात्र त्या घरात कुणीतरी राहत असायला हवं; नुसत्या भिंतींनी शहर जोडलं जात नाही. आणि राहतं की नाही हे मालकाने नाही, शेजाऱ्याने सांगायचं, असा नियम होता. मालक खोटं बोलतात; शेजाऱ्याचे डोळे तुमच्या दारालाच लागलेले असतात.

कार्यालयात त्याला सगळे ‘कुंपण’ म्हणत. सडसडीत, अबोल, कुठल्याच बाजूला न झुकणारा. लग्नाचा विषय निघाला की म्हणे, दोन माणसांत किती अंतर असावं याचा नियम अजून निघालेला नाही.

त्याच्या नोकरीत शहराने बरीच गावं गिळली. आवाज कधी झाला नाही. माणसं सकाळी उठत ती शहरातच. अंगण तेच, विहीर तीच, पण गोठे उठवा असा हुकूम आलेला आणि गायरान आराखड्यात गेलेलं. त्याचं त्याला काही वाटत नसे. शहर त्याच्याआधीच आत शिरलेलं असे. गावातले बहुतेक कारखान्यात नाहीतर दुकानात कामाला, शेती नावाला. तो फक्त मागून दार लावून घेई.

मग त्याच्या ताईच्या गावाची पाळी आली.

ताई थोरली, नवरा गेलेला, मूलबाळ नाही; शिवणयंत्रावर पोट भरायची. नवऱ्याची वीटभट्टी होती. भट्टीजवळच त्याने घर बांधलं, गावाबाहेर, माळावर एकटं. भट्टीच्या विटा शहरात गेल्या आणि तेच शहर विटाविटांनी माळावर येऊन उभं राहिलं. आता शहराच्या शेवटच्या इमारतीपासून ताईचं घर टप्प्यात होतं आणि ताईच्या घरापासून गाव टप्प्यात होतं. तेवढं घर मधे नसतं, तर शहराची उडी गावापर्यंत पोचली नसती.

हे गावालाही कळलं होतं. गावाचं म्हणणं मांडायचा तो गवळी; सगळ्यात मोठा गोठा त्याचा. त्याने ताईला आधी गोडीने सांगितलं होतं, गावात खोली देतो, घर रिकामं कर. ताई म्हणाली होती, माझं छप्पर धड आहे, मी दुसऱ्याच्या छपराखाली का मरू? हे भावाच्या कानावर आलं होतं. पण तेव्हापासून त्याचं तिकडे जाणं झालं नव्हतं. सख्ख्या बहिणीचं घर म्हणून हे काम दुसऱ्याला द्यावं असंही त्याच्या मनात आलं. पण कुणीही गेला तरी विचारणार शेजाऱ्यालाच, मग आपण का नको, म्हणून तोच गेला.

भर दुपारी तो गवळ्याच्या दारात उभा राहिला. गवळ्याने पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली.

“त्या घरात? कुणी नाही हो. वर्ष होत आलं.”

त्याला थट्टा वाटली. “दादा, माझी बहीण राहते तिथे.”

“राहायची. भली बाई होती,” गवळी म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं.

विहिरीवरच्या दोघी बायकांनी तेच सांगितलं. मग गवळी म्हणाला, चला, दाखवतोच. दोघं माळ ओलांडून गेले. दार उघडं होतं. ताई यंत्रावर बसून कसलातरी अभ्रा शिवत होती. तिने भावाकडे पाहिलं आणि मान हलवली, बोलू नकोस अशी. गवळी सरळ आत शिरला, स्वयंपाकघरात डोकावला, ताईच्या पायांना बरोबर वळसा घालून परतला. खाली मात्र त्याने पाहिलं नाही.

“बघा. धूळसुद्धा हलली नाही,” तो म्हणाला. यंत्र चालू होतं.

गवळ्याची नात मागोमाग पळत आली होती, चार वर्षांची. ती धावता धावता थेट ताईच्या गुडघ्यावर आदळली, खाली बसली आणि समोरच्या हवेकडे बघत तिने भोकाड पसरलं. आपण कशावर आपटलो हे तिला कळेना. गवळ्याने तिला उचललं आणि तो निघून गेला.

ताईने यंत्र थांबवलं.

“त्याला बोल लावू नकोस, बाळ्या. आधी मुद्दाम करायचे. तेव्हा बरं होतं रे. मुद्दाम न बघणाऱ्याला आधी बघावं लागतं.” तिने दोरा दाताने तोडला. “आता खरंच दिसत नाही मी. तू काय लिहिणार?”

नियमाने तिथे कुणी राहत नव्हतं. तीन शेजाऱ्यांची साक्ष होती. रिकामं लिहिलं की घर मोजणीतून गळणार, गाव वाचणार, आणि ताई असूनही कायमची नसणार. तो काही न लिहिता परतला. त्या आठवड्यात त्याने शहरातली खोली सोडली आणि ट्रंक, खाट, स्टोव्ह घेऊन भट्टीच्या पडक्या शेडमध्ये राहायला आला. आता सगळ्यात जवळचा शेजारी तोच होता. या गावाची मोजणी त्याने दुसऱ्याकडे सोपवली. कार्यालयातला नवा मोजणीदार आला, हसला, पण नियम तो नियम. कुंपण शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, “शेजारच्या घरात एक बाई राहते.”

गाव शहरात आलं. गवळ्याचे गोठे उठले. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराकडे कुंपणाने काडेपेटी मागितली, तर दुकानदाराने त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. काडेपेटी त्याने स्वतःच्या हाताने उचलली. कुणी हटकलं नाही.

मग इमारती आल्या, अनोळखी माणसं आली. ती माळावरच्या रस्त्यावरून हिंडत, ताईच्या अंगणातून आडवी जात, यंत्राला धक्का देत, आणि थांबत नसत. त्याला वाटलं होतं, नव्यांना तरी आपण दिसू.

“गावाला वर्ष लागलं शिकायला,” ताई हसून म्हणाली. “हे शिकूनच आलेत.”

अजून दोघं तिथेच आहेत. सकाळी शेडमधून तो विचारतो, “ताई, आहेस ना?”

“आहे. तू?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला हल्ली जरा वेळ लागतो. तो आधी हात समोर धरून बघतो, बोटं हलवतो, आणि मगच म्हणतो, आहे.