अ‍ॅपवर राहिलेला जुना पत्ता

मंडळी, या धाग्यावर मी आजवर फक्त वाचायला येत होते, आणि खरं सांगायचं तर हसायला. पिंपळ, अमावस्या, मागून येणारा पैंजणांचा आवाज... माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पेशाने मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कुणी येऊन सांगितलं की ‘अ‍ॅप आपोआप बंद पडलं’, तर मी पहिलं विचारते, तुम्ही त्याआधी काय दाबलं होतं? काही आपोआप होत नसतं, ही माझी श्रद्धा म्हणा हवं तर. तरी हे लिहिते आहे, कारण घडलं ते माझ्याच घरात घडलं आणि मला अजून त्याचा उलगडा झालेला नाही.

आम्ही दुबईत ऊद मेथाला राहतो. मी, नवरा संदीप आणि मुलगी ईरा. त्याआधी बरीच वर्षं शारजाला रोला भागात होतो. जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्टची कुरकुर आणि समोरच्या दारात शाहीन आपा. आपा मूळच्या खेडच्या, कोकणी मुसलमान. त्यांचे यजमान हमरिया फ्री झोनमध्ये स्टोअरकीपर होते. आमच्याकडच्या पुरणपोळ्या त्यांच्याकडे आणि त्यांच्या ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे, असा शेजार.

इथे एक पद्धत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना घराची एक चावी शेजाऱ्यांकडे ठेवायची. तुळशीला पाणी घालायचं, मधूनमधून नळ सोडायचे, गाडी सुरू करून ठेवायची, नाहीतर परत आल्यावर बॅटरी मेलेली. आमची चावी कायम आपांकडे असायची. सुट्टी संपली तरी आम्ही ती परत घेत नसू. आपा म्हणायच्या, “चावी माझ्याकडे आहे तोवर तुझ्या दाराकडे लक्ष ठेवायचं काम माझं.”

आपांची आणखी एक खोड सांगून ठेवते. आलेला पाहुणा लवकर कटावा असं वाटलं, की त्या त्याला चहा देत, गोड बोलत, आणि हळूच त्याच्या चपला तोंड दाराकडे करून ठेवत. आम्ही दोघी यावर खूप हसायचो. पुढे यजमान रिटायर झाले आणि आपा खेडला गेल्या. आम्ही दुबईला आलो. ईदला आणि दिवाळीला फोन व्हायचा, तेवढाच.

आता अ‍ॅपकडे येते. नोकरी सांभाळून मी स्वतः एक छोटं अ‍ॅप बनवलं. नाव ‘शेजार’. सुट्टीला जाताना कुणाकडे चावी ठेवली, कुठल्या कुंडीला किती पाणी, गाडी कधी सुरू करायची, याची आठवण शेजाऱ्याला करून देणारं. कल्पना अर्थातच आपांची. पण लक्षात घ्या, कुठलं घर रिकामं आहे हे या अ‍ॅपला कळतं. ही माहिती चुकीच्या हाती गेली तर चोराला आमंत्रणच. म्हणून मी प्रायव्हसीच्या बाबतीत हट्टीपणा केला. लॉगिन नाही, सर्व्हर नाही, लोकेशन नाही, सगळं ज्याच्या त्याच्या फोनमध्येच. स्वतःसाठीही वेगळा ईमेल घेतला, घरचा नंबर कुठे दिला नाही. संदीप चिडवायचा, “अगं, तू अ‍ॅप काढते आहेस का गुप्तहेर खातं?”

हे सगळं करून मी एक चूक केली, आणि ती इथे राहणाऱ्या कुणीही केली असती. अ‍ॅपमध्ये ‘चहा पाजा’ असं एक बटण टाकलं. आवडलं तर पाच दिऱ्हम द्या, म्हणजे आपले शंभरेक रुपये. आता पैसे घेतले की अ‍ॅप स्टोअरच्या लेखी तुम्ही व्यापारी. मग तुमचं खरं नाव आणि पूर्ण पत्ता सगळ्या जगाला दिसतो. नियम लिहिलेला होता, मी वाचलाही होता. पण पत्त्याशी आमचा संबंधच काय? इथे पोस्टमन दारात येत नाही, टपाल ऑफिसच्या पीओ बॉक्सवर येतं आणि टॅक्सीवाल्याला आपण फार्मसीची खूण सांगतो. फॉर्ममधला पत्ता म्हणजे रकाना भरायचा म्हणून भरायचा. स्टोअरने ‘आपली माहिती बरोबर आहे ना?’ विचारलं, मी न बघता ‘हो’ दाबलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

एरवी यात काही बिघडलं नसतं. पण तेव्हा माझी धाकटी बहीण वृंदा आमच्याकडे राहत होती.

वृंदाचं लग्न आम्ही दुबईला आल्यानंतर झालं. नवरा नितीन, कोल्हापूरचा, बोलायला लाघवी. दीड वर्षात तिच्या हातावर इस्त्रीचा डाग होता. ती कराडला बाबांकडे परत आली तर तो तिथे यायला लागला, रस्त्यात गाठायला लागला. म्हणून बाबांनी कुणाला न सांगता तिला माझ्याकडे धाडलं. घटस्फोटाची केस चालू होती. वृंदा ऊद मेथातल्याच एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला लागली, पुन्हा हसायला लागली होती. आणि कळलं, नितीनने अबुधाबीला एका काँट्रॅक्टरकडे नोकरी धरली. ती माझ्याकडे असणार एवढा अंदाज त्याला होताच, फक्त घर माहीत नव्हतं. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. तर वृंदा म्हणायची, “काय सांगायचं ताई? अजून इथे त्याने काही केलंच नाहीये.” तिच्या या वाक्याचा मला फार राग यायचा.

एका शनिवारी सकाळी बाबांचा फोन आला. आवाज बसलेला. “मनू, नितीनचा फोन आला होता. म्हणाला, मोठ्या लेकीचा पत्ता तिने स्वतःच जगजाहीर केलाय, अ‍ॅपवर टाकलाय. आज बायकोला न्यायला चाललोय म्हणाला.”

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. जगाची घरं लपवत बसलेली मी, आणि माझ्याच नावाखाली माझंच घर... वृंदाने कपाटातून बॅग काढली. कपडे इतके कोंबले की चेन लागेना. संदीपने दाराला आतून कडी लावली. मी फोनवर माझ्याच अ‍ॅपचं पान उघडलं, तर डोळ्यांपुढे अक्षरं नाचायला लागली. शेवटी ईराने फोन हातातून घेतला.

“आई, रिलॅक्स. दॅट्स अवर ओल्ड हाऊस.”

खरंच. रोल्याचा पत्ता. बिल्डिंगचं नाव, तिसरा मजला, फ्लॅट नंबरसकट. डेव्हलपरचं खातं मी तिथे राहत असताना काढलं होतं, आणि पत्ता बदलायचं मला कधी सुचलंच नव्हतं. माझा आळस कामाला आला. मी ‘चहा पाजा’ बटण तेव्हाच काढलं, पत्ता झाकायची विनंती टाकली आणि आम्ही वाट बघत बसलो. कारण सुटका झालेली नव्हती. तिथे नातूर असणार, म्हणजे इथला वॉचमन. आजूबाजूला जुनी दुकानं. ‘ती लोकं दुबईला ऊद मेथाला गेली’ एवढं कुणीही सांगितलं असतं. मग तिथली शाळा, ईराची बस, वृंदाचं क्लिनिक, शोधायला वेळ लागत नाही.

संध्याकाळी पुन्हा बाबांचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

“अगं, तुम्ही कॅनडाला गेलात असं कुणी सांगितलं त्याला?”

“कोण कॅनडाला गेलं?”

“तो आत्ता मला वाट्टेल ते बोलला. म्हणाला, लेकींना कॅनडाला पोचवलंत आणि मला इथे उन्हात हिंडवताय. तुमच्या समोरच्या बाईने सांगितलं म्हणे. वयस्कर आहे, चष्मा काळ्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. घरात बोलावलं, लिंबू पिळून काळा चहा दिला, ती माणसं सगळी कागदपत्रं करून गेली, असं म्हणाली. मराठी बोलत होती. आणि म्हणाला, बाई जरा चक्रम आहे, मी चहा पीत होतो तर माझे बूट उचलून उलटे करून ठेवत होती.”

वृंदा आणि संदीप बाबांशी बोलत होते. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. कॅनडाचे कागद आम्ही खरंच एकदा केले होते, रोल्याला असताना, आणि अर्ध्यात सोडून दिले. संदीप, मी आणि आपा सोडून ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती. बाबांनाही नाही.

मला वाटलं, आपा शारजाला मुलाकडे वगैरे परत आल्या असतील. आल्या तर मला कळवल्याशिवाय राहणार नाहीत, पण दुसरं काय असणार? रविवारी सकाळी मी आणि संदीप रोल्याला गेलो. बिल्डिंगभोवती पत्रे लावले होते. पाडायला घेतली होती. खिडक्यांच्या चौकटी काढलेल्या, एसीच्या जागी भोकं. खालून आमची बाल्कनी दिसत होती, आणि बाल्कनीतून थेट आरपार जिन्याची भिंत. मधली दारंसुद्धा काढून नेलेली.

शेजारच्या बिल्डिंगचा नातूर पठाण, जुना ओळखीचा. संदीपने विचारलं, “चाचा, कल कोई आया था क्या इधर? ऊपर कोई रहता है?”

“ऊपर? ऊपर कौन रहेगा भाई, बिजली-पानी सब बंद. खलास. दरवाजा-फरवाजा सब भंगार में गया।” मग म्हणाला, “कल एक आदमी आया था। सीधा अंदर गया। हमने आवाज दिया, रुका नहीं। काफी देर बाद उतरा, गुस्से में था।”

“अकेला था?”

“अकेला।”

वर जायचं माझं धाडस झालं नाही. भीती नव्हती वाटत... नाही, वाटत होती. गाडीत बसून मी खेडला फोन लावला. आपांनीच उचलला. मी फक्त “आपा, कशा आहात” एवढंच विचारलं. नितीनचं सोडा, वृंदा इथे आहे हेसुद्धा मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

“कशी असणार गो, पाय मोडून घेतलाय न्हाणीत पडून. महिना झाला, खाटेवरच आहे. सून सगळं करते. बरं झालं फोन केलास, काल दुपारी तुझीच आठवण झाली.”

“का हो?”

“जरा डोळा लागला होता. स्वप्न म्हणावं तर चहाचा वास येत होता बघ. रोल्याच्या घरात होते मी. तुझ्या दारावर कोण एक बाप्या उभा, बेल मारतोय, मारतोय. नजर काय बरी वाटली नाही मला. म्हटलं, उन्हाचे आलात, या, चहा घ्या. मग सांगितलं, ती माणसं कॅनडाला गेली. खोटंच बोलले. पण स्वप्नातलं खोटं चालतं ना गो?”

मी रडायला लागले होते. संदीपला वाटलं आपांना काही झालं.

“आणि बूट, आपा?”

“फिरवले की,” त्या म्हणाल्या. “तुला कसं कळलं?”

मी टेस्टर आहे, म्हणून सगळ्या शक्यता तपासल्या. नितीन चुकून शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेला असेल? तिथे सगळे बॅचलर कामगार राहतात, बाई औषधाला नाही, आणि चाचाने त्याला याच बिल्डिंगमध्ये जाताना पाहिलं होतं. त्याने थाप मारली असेल? मग थापेत बूट कुठून आले? आपांना कुणी सांगितलं असेल? कुणी? त्यांच्या सुनेलाही मी नंतर विचारलं. ती म्हणाली, अम्मी त्या दिवशी दुपारभर गाढ झोपल्या होत्या, झोपेत पुटपुटत होत्या. आमच्या कामात जो बिघाड पुन्हा घडवून दाखवता येत नाही, तो आम्ही ‘कॅनॉट रिप्रोड्यूस’ असा शेरा मारून बंद करतो. हा मला बंद करता आलेला नाही.

नितीनने त्यानंतर शोध सोडला. नोकरी सोडून परत गेला आणि पुढे कोर्टात मुकाट सही केली. वृंदा आता पलीकडच्याच गल्लीत स्वतंत्र राहते. अ‍ॅप अजून चालतं, चहाच्या बटणाशिवाय. रोल्याच्या त्या बिल्डिंगच्या जागी आता गाड्या लावायचं मैदान आहे.

आणि हो, त्या दिवशी फोन ठेवताना आपा म्हणाल्या होत्या, “अगो मनीषा, एक सांगायचं राहिलं. त्या घराची तुझी चावी माझ्याच पर्समध्ये राहिली आहे. इतकी वर्षं विसरतेच सांगायला. कुणी येणार असेल तर पाठवू काय?”

समोर पत्र्याआड दार नसलेलं घर दिसत होतं.

“नको आपा,” मी म्हटलं. “तुमच्याकडेच राहू दे.”