दोन पेंड्या

सांगलीतलं ऑफिस सुटलं की मी विश्रामबागेतून कवठे महांकाळची एस्टी धरतो. गेल्या हिवाळ्यात तिथे एक म्हातारा रोज चढायचा, डोक्यावर वाढ्याचा भारा घेऊन. वाढं म्हणजे ऊसतोडीत उरलेले हिरवे शेंडे. आमच्या दुष्काळी भागात कडबा मिळेनासा झाला होता, म्हणून तो हे ऊसवाल्यांकडून मागून आणायचा. भारा माझ्या पायांशी रेटत म्हणायचा, "आवं सायब, पोट आत घ्या जरा." बायको लग्नापासून हेच सांगते, उपयोग झालेला नाही.

गाव जवळ आलं की तो भारा सोडून दोन पेंड्या बांधायचा. हातांवर तोलायचा, आणि जड पेंडीतली पानं काढून हलकीत खोचायचा.

"बैलजोडी हाय. एकाला कमी पडलं तर दुसरा बी तोंड लावत न्हाई."

"आमच्या घरी शेवटच्या भज्यावरून भांडणं होतात," मी म्हणालो.

"तुमी मानसं हाय," तो म्हणाला.

संक्रांतीनंतर एकदा तो चढला तेव्हा भारा निम्माच होता. दोन्ही बैलांना पुरत नव्हतं, म्हणाला. एक तरी जगावा म्हणून त्याने दुसरा विकला होता.  मी पोट न सांगता आत घेतलं.

गाव जवळ आलं. त्या निम्म्या भाऱ्याच्याही त्याने दोन पेंड्या बांधल्या, तोलल्या.

"आता दोन कशाला?" मी विचारलं.

"मोकळ्या दाव्याम्होरं टाकल्याबिगार ऱ्हायलेला खातच न्हाई." त्याने पेंडीवरून हात फिरवला. "चारा पुरंना म्हणून इकला, आन् आता रोज उरतोय."