भिंतीवरून आलेला उजेड

कुणाच्याही घरात शिरला की तो आधी छताकडे बघायचा. मग भिंतींकडे, आणि सगळ्यात शेवटी माणसांकडे. नव्या माणसाला प्रश्न पडायचा, हा फोटो काढायला आलाय की घर विकत घ्यायला? आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याची मान अशी वर गेलेली पाहून आमची बायको ओशाळली आणि जाळी काढायचा झाडू घेऊन आली.

"राहू द्या वयनी," तो म्हणाला, "जाळ्याईची काही अडचन नाही. रंग पांढरा हाय ना, बस झालं."

नेरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पुढे त्याचं फोटोचं दुकान आणि मागे घर होतं. आमच्या ओट्यावरून हाक मारली की त्याला ऐकू जायची. मी कापसाच्या जिनिंगमधला कारकून. फोटोतलं मला काडीचं कळत नाही. मी काढलेल्या फोटोत माणसांचे पाय हमखास येतात, डोकी येतील की नाही ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. तरी त्याच्यासोबत मी कितीतरी लग्नं हिंडलो. कोणत्या लायकीवर, ते सांगतो.

त्याच्या कॅमेऱ्यावर मुठीएवढा एक फ्लॅश असायचा. बाकीचे फोटोवाले तो सरळ नवरीच्या तोंडावर मारायचे. हा त्याची मान वळवून उजेड भिंतीवर फेकायचा, आणि भिंतीवरून तो सावकाश माणसावर यायचा.

"पाहुन्याच्या तोंडावर कोनी बॅटरी मारते का भाऊ?" तो विचारायचा. "थे चोराच्या तोंडावर मारतात. उजेडाले आधी भितीवर टेकू द्या. तिथून येते तो, पाय धुवून आल्यासारखा."

आता पांढऱ्या भिंती आमच्या भागात कुणाकडे? चार पैसे आले की आमचा माणूस आधी घराला पोपटी रंग देतो. बोरी अरबच्या एका घरी स्थळासाठी मुलीचा फोटो काढायचा होता. भिंत पोपटी. उजेड भिंतीवर गेला आणि हिरवा होऊन परत आला. मुलाकडच्यांनी फोटो पाहून निरोप पाठवला, पोरगी चांगली आहे, पण तिला कावीळ आहे का ते एकदा तपासून घ्या. तेव्हापासून हा फोनवरच विचारायचा, "भितीचा रंग कोनता हाय?" पलीकडून उत्तर यायचं, "आमाले पोरगी दाखवाची हाय बापा, घर नाही!"

आणि मांडवात तर भिंतच नसते. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावर लग्न होतं, उघड्या पटांगणात. वर बघून तो म्हणाला, "आभाय लय मोठं हाय, पन उजेड परत देत नाही." मग त्याची नजर माझ्यावर आली. मी पांढरा सदरा घालून आयता जेवायला गेलेलो. माझी पाठ कशी आहे ते आमच्या घरच्यांना विचारा. दारात उभा राहिलो की आतल्या खोलीत अंधार होतो.

"भाऊ, पाठमोरे व्हा. इकडं या. अजून. बस, आता हालू नका."

त्यानं फ्लॅश माझ्या पाठीवर मारला, आणि माझ्या पाठीवरून उजेड नवरीच्या तोंडावर गेला. तेव्हापासून मी त्याची चालती भिंत झालो. तांड्यावरची एक म्हातारी बराच वेळ हा प्रकार बघत होती. तिनं त्याला विचारलं, "हे भित जेवते किती?" आमच्या बायकोला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "चला, कुठंतरी कामी आले तुम्ही."

हे दिवस हसण्याचे होते. मग त्याची बोटं आखडायला लागली.

आधी सकाळी सकाळीच. अंगणात बसून तो कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून ठेवायचा. मग दुपारपर्यंत, मग दिवसभर. यवतमाळच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला. गोळ्यांनी दुखणं कमी व्हायचं, पण आखडलेलं बोट सरळ होत नव्हतं. कापूस वेचताना बोंडावर मूठ मिटते तसे त्याचे दोन्ही हात मिटत गेले, आणि मिटलेले राहिले.

फ्लॅशची मान बोटांनी वळेना, तेव्हा तो हनुवटीनं वळवू लागला. कॅमेरा तिपाईवर, आणि हा वाकून त्याला हनुवटी लावतोय. पोरं ओरडायची, "फोटोकाका कॅमेऱ्याचा मुका घेऊन राह्यले!" तो त्यांना म्हणायचा, "घेऊ द्या रे. तुमच्या काकूनं पाह्यलं तर फक्त सांगू नका." बटण दाबायला उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर उरलं होतं. कोपर बरगडीला टेकवून, सगळं अंग पुढे झुकवून तो त्या पेरानं बटण दाबायचा. एका फोटोला इतका वेळ लागायचा की माणसांचं हसू उतरून जायचं. हळूहळू लोकांनी बोलावणं सोडलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्याकडे असली कामं न बोलताच होतात.

मी एकदा शहाणपणा करून म्हणालो, "अरे, त्यात आपोआप निघायची सोय असते ना? ती लाव."

"थे आकडे मोजते अन् मारते. तिले काय मालूम मानूस कवा हासलं?"

"मग दुसऱ्या कुणाला दाबू दे."

"मंग थो फोटो त्याचा झाला भाऊ." आणि वर म्हणाला, "सोनूचा एक काढतो. तेवढा झाला का हे पेर बी मिटलं तरी चालते."

सोनू त्याची एकुलती एक मुलगी. लग्न राजूरला ठरलं होतं. मुलाचे वडील कोळसा खाणीत कामाला, मोठ्या आवाजाची, मोकळी माणसं. फोटोला, व्हिडिओला त्यांनी अमरावतीची माणसं ठरवली होती, वरून उडणाऱ्या कॅमेऱ्यासकट. यानं हरकत घेतली नाही. त्याला एकच फोटो हवा होता. आपल्या घरात, पुढच्या खोलीत, पांढऱ्या भिंतीजवळ स्टुलावर बसलेली नवरी, वरात यायच्या आधी. त्यासाठी त्यानं हाताला आठवडाभर कसलंच काम दिलं नव्हतं. जेवायलाही त्याची बायको, आमच्या वहिनी, भरवायच्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो मुलाकडच्या आहेराचे कपडे आणायला गेला आणि परत आला तर पुढची खोली गुलाबी. त्याच्या साळ्यानं हौसेनं, स्वतः शिडीवर चढून, ऑइलपेंट मारला होता. लग्नघर म्हटलं की रंग द्यायचाच, एवढंच त्या बिचाऱ्याच्या डोक्यात.

"कसा झाला भाऊजी?"

यानं चारी भिंती पाहिल्या. "चांगला झाला," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "भाऊ, उद्या पांढरा सदरा."

सदरा मी घातला. पण लग्नघरात सकाळी सकाळी हळद असते हे विसरलो. त्याच्या साळ्यांच्या बायकांनी मला मांडवातच गाठलं आणि पाठीवर दहा बोटं उठवली. आता ही भिंत पिवळी झाली! मी आत जाऊन सदरा काढला आणि पांढऱ्या बनियनवर उभा राहिलो. या पोटानिशी, नवरीसमोर, त्या बनियनला बगलेत भोक होतं तरी. सोनू पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"हास, हास," तो म्हणाला, "असंच पाह्यजे."

त्याचा सगळा हिशोब वरात उशिरा येण्यावर होता. आमच्याकडची वरात म्हणजे दहाची म्हटली की एकला गावाच्या वेशीवर नाचत असते. नवरीला सावकाश बसवू, हात कोमट पाण्यात चांगले शेकू, मग काढू, असं त्यानं धरलं होतं. कुणीही तेच धरलं असतं. पण खाणीतल्या माणसाला पाळीवर वेळेत जायची सवय. राजूरची वरात वेळेवर आली.

बाहेर बँड वाजला. हात बादलीतून काढून, तसेच ओले, त्याला व्याह्यांना भेटायला, समधीभेटीला जावं लागलं. नवरीच्या बापानं नाही जायचं तर कुणी? मुलाच्या वडलांनी त्याला मिठी मारली, उचलून धरलं, आणि मग त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबला. प्रेमानंच दाबला. "समधी, पोरीची काळजी नका करू!" म्हणाले आणि पुन्हा दाबला. मी खिडकीतून बघत होतो. त्याचा चेहरा हसराच होता.

तो आत आला तेव्हा उजवा हात छातीशी धरलेला होता.

"बस बेटा," तो सोनूला म्हणाला.

ती बसली. मी पाठमोरा उभा राहिलो, मान मागे वळवून. त्यानं हनुवटीनं फ्लॅश माझ्याकडे वळवला, डोळा कॅमेऱ्याला लावला, कोपर बरगडीला टेकवलं आणि झुकला. काही झालं नाही. पुन्हा झुकला. ते पेर बटणावरून घसरत होतं. सोनू हसत होती. हसू ओठांवर धरून ठेवून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी भरत होतं.

"बाबा, मी मोबाईलनं..."

"हालू नको."

"मी दाबतो रे," मी म्हणालो.

"तुमी भित हाय भाऊ. भितीनं हालू नाही."

दारात मामा आला. भटजी घाई करत होते, मुहूर्त टळत होता. "चाल सोनू, चाल, अंतरपाट धरला!" मामानं तिचा हात धरून उठवलं. ती मागे बघत, बघत गेली. आणि हा अजून डोळा कॅमेऱ्याला लावून झुकलेला. त्यानं सगळं अंग त्या पेरावर टाकलं असावं. माझ्या पाठीवर लख्ख उजेड पडला.

बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली. मी सदरा शोधत होतो. तो म्हणाला, "चला भाऊ, अक्षता टाकू," आणि मुठी तशाच मिटलेल्या ठेवून मांडवात गेला. अक्षता वहिनींनी त्याच्या मुठीवर ठेवल्या, तिथून त्या खाली पडल्या.

लग्न झालं. सोनू गेली. अमरावतीवाल्यांचा अल्बम आला, जाड, चकचकीत. त्यात नवरीच्या बापाचे कितीतरी फोटो होते. तो मनगटानं पानं उलटत म्हणाला, "बरे आले." त्यानंतर वर्षभरात तो गेला. हृदयानं गेला म्हणतात. असेल.

त्या वर्षात एका दुपारी त्यानं मला ओट्यावरून हाक मारली. कॅमेरा मांडीवर होता.

"भाऊ, यातला एक फोटो मिटवाचा हाय. माह्यानं बटन दबत नाही."

मी पाहिलं. गुलाबी भिंत, तिच्यापुढे रिकामं स्टूल. स्टुलावर वेणीतून गळलेलं एक फूल. एका कडेला, चौकटीबाहेर जाणारा शालूचा काठ. आणि त्या सगळ्यावर असा मऊ उजेड, की मला स्टुलाच्या लाकडाच्या रेषा दिसत होत्या.

"उजेड सुंदर आलाय रे," मी म्हणालो. "राहू दे."

"उजेडाचं काय करू भाऊ? बसलेलं कोनी नाही त्यात."

मी बटण दाबलं. कॅमेऱ्यानं विचारलं, नक्की मिटवायचा का? मी त्याच्याकडे बघितलं. तो गल्लीकडे बघत होता.

"दाबा ना."

पोरीच्या लग्नासाठी त्यानं कॅमेऱ्यात नवं कोरं मेमरी कार्ड घातलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं आली: एकही फोटो नाही.