अष्टग्रहीतल्या सासूबाई

अष्टग्रही आली तेव्हा आमच्या घरात सगळ्यांत खूश कोण, तर सासूबाई. आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, अशी पनवेलच्या बाजारात एकच बोंब उठली होती. सासूबाईंच्या पोटात गाठ होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. मरणाला त्या इतक्या भ्यायच्या की वाऱ्यानं दार आपटलं तरी किंचाळायच्या. आणि आता रोज केस विंचरून बसायच्या, शेजारणीला बोलावून पेपरातला प्रलय पुन्हा पुन्हा वाचून घ्यायच्या. मला संताप यायचा. माझं लेकरू अजून पाळण्यात होतं!

आमचं मिठागर खाडीला लागून. हंगामात उजाडलं की सगळं घर मिठावर, लेकरूसुद्धा झोळीतून माझ्याबरोबर. सासूबाई मात्र एकट्या खाटेवर, उशाशी पाण्याचा तांब्या. पण समुद्रच वर येणार म्हटल्यावर मीठ ओढायचं कुणासाठी? पिकलेलं मीठ तसंच टाकून आम्ही घरी बसलो, त्यांच्या खाटेभोवती. मी वडे तळले, दिरांनी भजनं म्हटली. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याचा हात धरला.

"आता भ्या नाय वाटत. आपून सगली मिलून जाव."

एकटीनं जायचं, याचीच त्यांना धास्ती होती. मला ते तेव्हाच कळलं होतं, हे वाईट.

झालं काहीच नाही. सूर्य उगवला, खाडीला नेहमीची ओहोटी लागली. आम्ही वेड्यासारखे हसलो, दारोदार साखर वाटली. मग मिठाची आठवण झाली आणि टोपल्या उचलून निघालोच. मी उंबऱ्यात होते तेव्हा मागून आवाज आला, "सगली चाल्लाव?"

"येतो गं आय, आत्ता येतो," म्हटलं मी. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याच हंगामात त्या गेल्या. भर दुपारी. आम्ही सगळे मिठावर होतो, निरोप घेऊन शेजारीणच बांधावर धावत आली.

रात्री घर माणसांनी भरलं. शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "म्हातारी रोज इचारायची मला. ते ग्रह परत कवा येतील?"

त्या भरल्या घरात मला मान वर करता येईना.