किनाऱ्यावर जाऊन येतो

ब्रिगेडियर ह्यूबर्ट ट्रेगेन्झा यांनी बूट घासले, टोपी घातली आणि बायकोला हाक मारली, "हेस्टर, किनाऱ्यावर जाऊन येतो."

"येताना पाव आण," हेस्टर बटाटे सोलता सोलता म्हणाली.

लिम्पस्टनमध्ये याचं कुणाला नवल नव्हतं. इंग्लंडातलं हे गाव मरीन लोकांचं, म्हणजे जहाजावरच्या पायदळाचं. त्यांची छावणी कोरड्या जमिनीवर आहे, पण तिथे फरशीला डेक म्हणतात आणि फाटकाबाहेर पडणं म्हणजे किनाऱ्यावर जाणं. अठरा वर्षांचे ह्यूबर्ट भरती झाले, ते पहिल्याच दिवशी 'फरशी' म्हणाले. ती फरशी त्यांना दुपारपर्यंत घासावी लागली. पुन्हा तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. लग्नानंतर हेस्टरनेही आयुष्यभर डेकच पुसला.

मलायाच्या जंगलात ते कोवळे लेफ्टनंट होते, बोर्निओच्या नद्यांवर कॅप्टन, फॉकलंडला कर्नल. हुद्दा वाढला म्हणून पाठीवरचं ओझं त्यांनी कमी केलं नाही. हलकी पिशवी घेऊन पुढे चालणारा अधिकारी त्यांच्या डोळ्यांत खुपे. दमलेल्याला ते सांभाळून घेत, वाट चुकलेल्यालाही. पण चुकलेला असून ठामपणे "आपण इथे आहोत" म्हणणाऱ्याची खैर नसे. "ठिकाण माहीत नसेल तर माहीत नाही म्हण," ते सांगत. "अंदाजाने सांगितलंस तर आपलीच तोफ आपल्यावर गोळा टाकेल."

निवृत्तीला बरीच वर्षं झाली होती. बूट मात्र रोज घासले जात, तेही टाचेपर्यंत. पुढूनच चमकवलेला बूट म्हणजे अर्धं काम.

त्या सकाळी घराच्या फाटकाशी येऊन ते थांबले. उतरायची शिडी दिसेना. खाली पाणी असायला हवं होतं, आणि तिथे तर हेस्टरची लव्हेंडरची झुडपं. त्यांनी बुटाच्या टोकाने चाचपून पाहिलं. कुणी कसं काही सांगितलं नाही?

समोरून पास्को आला. त्यांच्याच पलटणीतला जुना सार्जंट, आता शेजारी. "काय साहेब, किनाऱ्यावर वाटतं?"

"बोटीची वाट बघतोय."

पास्को खो खो हसला. "येईल, साहेब! नौदलाची बोट म्हणजे मेव्हणा. कामाला नाही, जेवायला बरोबर हजर."

ह्यूबर्टही हसले, कारण पास्को हसत होता. पण बोट येणार आहे की नाही, ते यातून काही कळेना. थोडा वेळ थांबून ते आत गेले. पाव राहिलाच.

दुपारी डॉक्टर बेविन आल्या. बर्मिंगहॅमहून नव्यानेच बदली होऊन आलेल्या. त्यांना ह्यूबर्टच्या मुलीने, रोझलिंडने पाठवलं होतं. बाबा फोनवर 'डेकवर आहे' म्हणतात, बाबांना जहाजावर असल्यासारखं वाटतं, अशी तिची तक्रार. डॉक्टरांनीही तेच सांगितलं की ती बाबांना एक्सेटरच्या वृद्धाश्रमात ठेवणार होती. हेस्टरला तिथे जागा नव्हती. हेस्टरने सकाळपासून तीनदा चहा केला होता आणि एकदाही प्यायला नव्हता. आधाराला म्हणून तिने पास्कोला बोलावून बसवलं होतं.

"ब्रिगेडियर, आपण आत्ता कुठे आहोत?" डॉक्टरांनी विचारलं.

"डेकवर."

डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. हेस्टर घाईने म्हणाली, "अहो, डेक म्हणजे फरशी! या गावात सगळे असंच बोलतात."

"खरंय डॉक्टर," पास्को म्हणाला. "मी कालच डेकवरून घसरलो. माझ्या न्हाणीघरात. लाइफबोट कुणी पाठवली नाही, बायकोने लाटणं दाखवलं तेवढंच."

डॉक्टरांना हसू फुटलं. "आणि मी काय काय समजून बसले होते! यांना कुठे हलवायची गरज नाही. रोझलिंडला मी तसं कळवते."

त्यांनी बॅग बंद केली. हेस्टरने कप तोंडाला लावला. 

ह्यूबर्ट तिघांकडे बघत राहिले. हे हसले कशाला? विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं होतं. पायांखाली हलकं हेलकावत होतं, आत्ताही. पूर्वी डेक म्हणताना पायांखाली फरशी आहे हे त्यांना माहीत असे का? असणारच. मग ते माहीत असणं गेलं कधी? शब्द तर तोच होता.

डॉक्टर दारापर्यंत पोचल्या.

"थांबा," ह्यूबर्ट म्हणाले. ते ताठ उभे राहिले. "माझा अहवाल चुकीचा आहे."

"ह्यू, बस खाली," हेस्टर म्हणाली.

"मी डेक म्हणालो, हे लोक फरशी समजले. हे जहाज आहे की घर, मला सांगता येत नाही. सकाळी मी शिडी शोधत होतो."

"ह्यू, अरे, झालं होतं ना सगळं!" हेस्टरचा आवाज फाटला.

"ठिकाण माहीत नाही, हेस्टर. तसं सांगायला नको?"

पास्कोने कप खाली ठेवला. "साहेब, बोटीचं मी... थट्टा करत होतो."

"मला कळलं नाही, पास्को."

डॉक्टर परत येऊन बसल्या. हेस्टरकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "या कोण?"

"हेस्टर. यात विचारायचं काय?"

डॉक्टरांनी बॅग पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "रोझलिंडला खरं ते सांगावं लागेल."

"सांगा," हेस्टर म्हणाली. "आणि हेही सांगा, की तो इथेच राहणार. यापुढे एकटा बाहेर जाणार नाही. मला चालवेल तोवर बरोबर मी, नाहीतर हा पास्को."

"मला विचारलंत का?" पास्को म्हणाला.

"नाही."

"ठीक आहे."

"असं किती दिवस निभेल, मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तूर्त बघू."

ह्यूबर्टना यातलं निम्मंच कळलं. पाव राहिलाय, हे मात्र पक्कं आठवलं. त्यांनी टोपी घातली. फाटकाशी येताच पाय पुन्हा अडला.

"शिडी कुठाय?"

बरोबर आलेला पास्को या वेळी हसला नाही. त्याने दंड पुढे केला. "शिडी नाही, साहेब. फाटक आहे. पुढे जमीन आहे. टाका पाय."

त्यांनी पाय टाकला. खाली कडक लागलं.

"किनारा," ह्यूबर्ट म्हणाले.

"हो साहेब, किनारा."

पास्को कुठल्या अर्थाने हो म्हणाला, ते त्यांना समजलं नाही. दंड घट्ट होता. त्यांनी दुसरा पाय उचलला.