चौथा कोपरा

आई गेली तेव्हा मी बंगळुरात होते. धाकट्या भावाचा, विलासचा फोन आला. मी बॅग भरली आणि अकोल्याकडे निघाले.

एरवी बॅग भरताना आई शेजारी असे. अकोल्याजवळचं आमचं गाव, बार्शीटाकळी, पहिल्यांदा सोडलं त्या सकाळीही होती, मांडीवर वाकळ घेऊन. जुनी लुगडी, बाबांचं धोतर, माझा शाळेचा निळा स्कर्ट, सगळं तिच्यात जोडलेलं. तीन कोपरे शिवून झालेले, चौथा उघडा. आमच्याकडे शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात चिमूटभर धान्य घालतात. वाकळ ज्या घरात पांघरायची, त्या घरातलं. उपाशी वाकळ ऊब देत नाही म्हणतात.

"इथली जवारी नाई टाकत मी," आई म्हणाली. "तिथं तुले आपलं घर वाटलं का तिथले दाने टाक, मंग शिव."

"अन् नाईच वाटलं तं?"

"तं उघडी पांघर. थंडीनं काई मरत नाईस."

गाव सोडणाऱ्याला घरचे काय काय बांधून देतात. मला आईनं एक अपुरी वस्तू दिली. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

बंगळुरात मी हातानं बघायची चित्रं करू लागले. पहिलं अंध मुलांच्या शाळेसाठी केलं. लोकरीचे गोंडे, काथ्या, जुन्या पर्सच्या चेन, वेल्क्रो. रंग इतके भडक की डोळसांनाही राहवू नये. धावदोरा मात्र आईचाच. दिवसभर सुई हातात असायची, पण त्या कोपऱ्याशी आली की थांबायची. तो शिवला की गावाकडचं दार लागेल, अशी भीती वाटे.

एका प्रदर्शनाला आई आली होती. भिंतभर कापडाची गाय होती. 'हात लावा' अशी पाटी असूनही लोक हात मागे बांधून उभे. आई पुढे झाली, कास दाबून पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काय वं पोरी, आचळं बटनाची केली? दूध काय काजातून काढशीन?"

माझ्या शेजारच्या सरोजम्मांना मराठी कळत नाही, पण त्याच आधी हसल्या. पुढे होऊन त्यांनीही गाईची शेपटी ओढली. मग सगळेच हात पुढे आले. त्या दोघी दिवसभर आपापल्या भाषेत बोलत बसल्या. तेव्हापासून सरोजम्मांच्या गावाकडून नाचणी आली की त्या माझ्याकडे डबाभर दाणे पाठवतात.

घरी आल्यावर आईनं वाकळ चाचपली. "अजून उपाशीच काय वं?" मी वाकळीची घडी घालू लागले. "राहू दे. घाई नोको करू."

तेरवी झाल्यावर विलासनं ज्वारीची पुरचुंडी हातात दिली. "ताई, हे टाक त्या कोपऱ्यात. आईचं टाकायचं राहूनच गेलं."

बंगळुरात परत आल्यावर सुईत दोरा ओवला, पुरचुंडी सोडली. ज्वारी ओंजळीत घेतली. आईनं हीच टाकायला नाही म्हटलं होतं. मग उठले, सरोजम्मांच्या डब्यातली चिमूटभर नाचणी आणली, कोपऱ्यात घातली आणि शिवून टाकला.

ज्वारी दळून भाकरी केल्या. दोन सरोजम्मांकडे दिल्या.

वाकळ मी रोज पांघरते. कोपऱ्यावर बोट फिरवलं की दाणे लागतात.