गाडी गप्प झाली, मी नाही

मंडळी, आज गॅरेजात भांडून आले आहे. राग ताजा आहे तोवर लिहिते.

माझ्या जुन्या कॉन्टेसाचा सायलेन्सर इथल्या मिस्त्रीने मागच्या महिन्यात मला न विचारता आतून रिकामा केला. मोठी गाडी गरजलीच पाहिजे, असा इकडचा समज. तेव्हापासून साठच्या वेगाला आत असा घुमारा उठतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वारासिवनीच्या माझ्या ताईला मी दर रविवारी फिरवते. गेल्या रविवारी ती म्हणाली, "तुह्या रणगाड्यात तूच बस."

आज मिस्त्रीला सांगितलं, आतून भरलेला नवा सायलेन्सर बसव. तो सोबत आलेल्या माझ्या जावयाकडे पाहून म्हणाला, "साहेब, ह्या वयात बाईले काहून त्रास? विकून टाका ना गाडी."

कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी शिकवलेला हळू आवाज मी बाजूला ठेवला. "इकडे पाहून बोल. गाडी माही हाय, चालवतो मी."

"पर बाई, आवाजातच तर शान हाय!"

"शान तुह्या वरातीत मिरव. मले माह्या बहिणीचं बोलणं ऐकू आलं पाहिजे."

सायलेन्सर बसेपर्यंत मी तिथून हलले नाही. मग थेट वारासिवनी. ताईला बसवलं, साठ गाठले. घुमारा नाही! पहिलं वाक्य ऐकू आलं, "हळू चालव ना वं, मारतं का मले?"

रस्ताभर ती मला रागावत होती आणि मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. आता तुम्हीच सांगा, ही गाडी मी विकू?